डोहातले मासे, तळ्यावरची माणसे

'अभयारण्य' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की त्यातला 'अभय' ऐकूच येत नाही. अभयारण्य म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या जिपा, गाइड, दुर्बिणी आणि 'वाघ दिसला का?' हा प्रश्न. मूळ अर्थ मात्र साधा आहे. जिथे भय नाही, असे रान.

आमच्या शेजारचे एक कुटुंब मध्यंतरी थायलंडला जाऊन आले. देवळे पाहिली, बाजार पाहिले आणि चिआंग माईजवळ हत्तींचे एक आश्रयस्थान पाहिले. तिथे हत्तीवर बसायचे नाही, त्याच्याकडून खेळ करून घ्यायचे नाहीत, फक्त लांबून बघायचे. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा लाकडे ओढणारे हत्ती बेकार झाले आणि पुष्कळसे पर्यटकांच्या करमणुकीला जुंपले गेले. त्यांना त्यातून सोडवण्यासाठी पुढे अशी ठिकाणे निघाली. आपल्याकडेही २०२५ च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या केंद्रात नेली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला! गावकऱ्यांना तिच्यावर आपली माया आहे असे वाटत होते, तर प्राणिमित्रांना तिला मोकळीक हवी असे वाटत होते. अभय म्हणजे नक्की काय आणि ते कुणी कुणाला द्यायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

याच प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्या रायगड जिल्ह्यात आहे आणि त्याच्या शेजारीच त्या उत्तराला आव्हान देणारी दुसरी जागाही आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझा मावसभाऊ आणि मी अशी दोघांनी महाड-पोलादपूरची दोन दिवसांची फेरी केली, ती या दोन जागा एका दमात पाहायच्या म्हणून.

महाडला बहुतेक प्रवासी थांबतात ते चहापुरते. कुणाला रायगड गाठायचा असतो, कुणाला पुढे गोव्याला जायचे असते. पण हे गाव स्वतःच फार जुने. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेले. बाणकोटच्या खाडीतून येणारे भरतीचे पाणी इकडपर्यंत चढते, म्हणून इथे समुद्राचा व्यापार आला. वर घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य उतरायचे, खालून मीठ आणि सुकी मासळी चढायची. मोटारीचे रस्ते होण्याआधी मुंबईचा माणूस बोटीने दासगावच्या बंदरात उतरत असे आणि तिथून महाडची वाट धरत असे. दासगावचे हे बंदर ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

महामार्गाला लागून असलेल्या पाले गावच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सकाळचे ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून जावे. वर गेल्यावर महाडचे सगळे खोरे पायाशी पसरलेले दिसते. या लेण्यांतल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाची नोंद आहे. लेणे दिले, चैत्यगृह दिले, आठ खोल्या दिल्या आणि दोन बाजूंना दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. येणारा-जाणारा भिक्षू, वाटसरू तहानलेला राहू नये एवढीच त्यामागची दृष्टी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात पाणी देणे हे कोरून ठेवण्याजोगे पुण्यकृत्य मानले जात होते, एवढे लक्षात घेऊन आम्ही खाली उतरलो.

महाडची बाजारपेठ अजून अस्सल तालुक्याच्या गावची आहे. किराणा, कापड, भांडी, कोयते-विळे, नाचणी, आमसुले. सुक्या मासळीचा वास तर लांबूनच वाट दाखवतो. सोडे, सुकट, बोंबील, जवळा यांचे ढीग मांडून बसलेल्या बायका गिऱ्हाइकाला हाक मारतात, 'या दादा, बघून तर जा.' या मुलखात भाताबरोबर मासळी नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. हेही ध्यानात ठेवावे.

बाजारातून आम्ही वीरेश्वराच्या देवळात गेलो. वीरेश्वर हे महाडचे ग्रामदैवत. महाशिवरात्रीनंतर इथे छबिना भरतो. गावोगावच्या देवांच्या पालख्या आणि उंच सासनकाठ्या नाचत येतात. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, तसा महाडकर छबिन्यालाही येतो. देवळाचा गारवा, घंटेचा नाद, सारे मन शांत करणारे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला या देवळापुढे उभे राहिले की एक तारीख आठवतेच. २० मार्च १९२७.

चवदार तळे देवळापासून लांब नाही. तळे मोठे, चारी बाजूंनी घरे आणि रस्ते, आत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. आज तिथे कुणीही जातो, कठड्याला टेकून बसतो. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. महाड हे तालुक्याचे ठाणे आणि बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतल्या अस्पृश्यांना इथे यावेच लागे. कुणाला मीठ-मिरची घ्यायला, कुणाला गावकीच्या चाकरीत सरकारी कागद आणि वसूल कचेरीत पोचवायला. दिवसभर उन्हात चालून आलेल्या या माणसाला तहान लागली, तर समोरच्या सार्वजनिक तळ्याचे पाणी त्याला बंद. इतर धर्मांचे लोक ते पाणी पीत, गुरेढोरे पीत, पाखरे पीत. त्याने मात्र गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतली विहीर गाठायची.

कायद्याने पाहिले तर ही बंदी तेव्हाच उठली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. दोन्हींची गाठ पडेना. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे याच भागातले तरुण, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशा मंडळींनी मग कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवली. १९ आणि २० मार्च १९२७. या परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते! बाजारात सुकट मिळते, मीठ मिळते, तसे पाणीही विकत. समोर तळे भरलेले आणि ओंजळभर पाण्याला दाम.

२० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या पाण्याने आपण अमर होणार नाही, पण इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायचे आहे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. पुढचे आपल्याला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. ती खोटी होती. परिषदेच्या मंडपात जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर तळे 'शुद्ध' करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात ओतल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि उतरले ते दासगावच्या बंदरात. तिथून मंडळी चालत महाडला आली. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर मात्र कोर्टाचा मनाई हुकूम होता. तो मानून सत्याग्रह तहकूब झाला आणि लढा न्यायालयात गेला. अनादि काळापासूनची वहिवाट सांगणाऱ्यांना ती शाबीत करता आली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

हे सारे मनात घोळत असताना दुसऱ्या दिवशी आम्ही बिरवाडीच्या रस्त्याला लागलो. वाटेत औद्योगिक वसाहतीची धुराडी आणि रसायनांचा उग्र दर्प. बिरवाडी मागे पडली की दृश्य पालटते. काळ नदीचे खोरे अरुंद होत जाते, डोंगर जवळ येतात. मार्चमध्येच नदी बऱ्याच ठिकाणी आटून गोट्यांची झालेली. आणि मग वाळण गावाजवळ एकदम खोल, हिरवेकाळे, निश्चल पाणी दिसते. हा वाळणकोंड. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह. काठाला वरदायिनी देवीचे स्थान आणि पाण्यात देवीचे मासे.

कुरमुऱ्याची मूठ पाण्यावर टाकली आणि पाणी हलले. आधी बोटाएवढे मासे, मग वीतभर, मग त्यांच्या खालून हात-हात लांबीच्या काळसर पाठी वर आल्या. जाड खवले, रुंद तोंड. हे महाशीर. गोड्या पाण्यातल्या माशांचा राजाच म्हणा. बाजारात असा मासा आला तर केवढी झुंबड उडेल! इथे मात्र तो माणसाच्या सावलीला भीत नाही. देवळाजवळ भेटलेल्या एका आजींना मी विचारले, "आजी, कुणी धरत नाही का?" त्या म्हणाल्या, "धरंल कोन बाबा? द्येवीचं हायेत त्ये. खाली तळाला नथवाला मासा हाय, त्यो समद्यांवर ध्यान ठिवतो." घरी मासे खाता का, असे विचारल्यावर त्या हसल्या. "खातो की! मासळीबिगर ऱ्हायचं कसं? पर ह्ये न्हाई."

त्या 'पर ह्ये न्हाई'पाशी मी थबकलो. वाळणकोंडाचे मोठेपण तिथे आहे. हे अभय अहिंसेच्या उपदेशातून आलेले नाही. मासे खाणाऱ्या, नदीवर जगणाऱ्या लोकांनी नदीचा एक तुकडा आपल्या हावेपासून बाजूला काढून ठेवला आणि त्याला देवीचे नाव दिले. पहारेकरी नाही, तिकीट नाही, कुंपण नाही. आणि त्यात निसर्गाचा हिशेबही बरोबर बसतो. उन्हाळ्यात नदी तुटते, तेव्हा मासे जगतात ते अशा खोल कोंडांत. पावसाळ्यात पाणी वाहते झाले, की तेच मासे वर-खाली पांगतात, अंडी घालतात आणि साऱ्या नदीला बियाणे पुरवतात. एक कोंड राखला की आसपासची नदी राखली जाते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्याचे मोठे काम झाले. ते काम वाळणची देवी पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट करीत आली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या या जागांचे शास्त्रीय मोल शहरी लोकांना प्रथम नीट कळले. वाळणकोंड ही पाण्यातली देवराईच.

आता या दोन जागा शेजारी ठेवून पाहा. एकाच तालुक्यात, तासाभराच्या अंतरावर. डोहातल्या माशाला श्रद्धेने अभय दिले. तळ्यावरच्या माणसाला श्रद्धेचेच नाव सांगून काठीने हाकलले. डोहाच्या काठी 'हात लावू नको' याचा अर्थ होता, त्याला जगू दे. तळ्याच्या काठी त्याच शब्दांचा अर्थ होता, तू माणूस नाहीस. मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे श्रद्धा चांगली की वाईट, ते सांग ना." मला वाटते, प्रश्न तसा विचारून भागणार नाही. बंधन कुणावर पडते ते पाहावे. वाळणमध्ये बलवान माणसाने स्वतःच्या हातावर बंधन घातले. महाडमध्ये बलवानाने दुर्बळाच्या तोंडावर घातले. पहिल्याला आपण संयम म्हणतो. दुसऱ्याला त्या काळी धर्म म्हटले जात होते आणि शेवटी कोर्टात ती साधी रूढीही ठरू शकली नाही. देवराया आणि देवडोह यांचे गोडवे गाताना जुने ते सगळे सोने, असे जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा त्याला महाडच्या त्या घागरींचीही आठवण द्यायला हवी. आणि जुने ते सगळे टाकाऊ, असे म्हणणाऱ्याला वाळणकोंडावर नेऊन कुरमुरे टाकायला लावावे.

दुपारी आम्ही पोलादपूरला निघालो. गाव छोटे, पण चार वाटा जोडणारे. एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडीकडे जाते. बाजारात डोंगरातली माणसे मध, नाचणी, भाजी घेऊन बसलेली. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री इथून खाली महाडकडे जाते. तिचे पात्र पाहताना लक्षात येते, की महाडचे सारे भलेबुरे या वरच्या डोंगरांत ठरते.

२२ जुलै २०२१ चा दिवस या भागातला कुणी विसरणार नाही. एका दिवसात महाड तालुक्यातली तळीये वाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. महाड शहर पाण्यात बुडाले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून एसटीच्या गाड्यांसह माणसे वाहून गेली होती. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. काठावर ऊन खात पडलेल्या त्या दिसतात आणि पुरात कधी वस्तीजवळही येतात. कायद्याने त्यांना मारायचे नाही हे ठरवले. त्यांच्या नदीत काय सोडायचे, किती उपसायचे, हे मात्र पुरते ठरलेले नाही.

वाळणकोंडाची काळजी वाटते ती इथे. डोहातल्या माशाला अजून कुणी हात लावत नाही. पण डोंगर उघडे पडले, वरून दगडमाती येऊ लागली, की कोंड भरतो. वर कुणी जिलेटिनचा स्फोट केला किंवा पाण्यात विष कालवले, तर पाणी देवीच्या हद्दीपाशी थांबत नाही. कर्नाटकात शिशिला इथे कपिला नदीच्या काठी असेच देवाचे महाशीर आहेत. १९९६ मध्ये तिथे कुणी पाण्यात विष घातले आणि असंख्य मासे मेले. गावाने त्यांचे स्मारक बांधले. श्रद्धेचे अभय श्रद्धा मानणाऱ्यापुरते असते. न मानणाऱ्यासाठी कायदा लागतो. आणि नुसत्या कायद्याने काय होते, ते १९२४ च्या ठरावाने महाडला दाखवलेच आहे. कागदावरचा ठराव खरा करायला माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. नदीच्या बाबतीतही तेच आहे. वरच्या गावापासून खालच्या खाडीपर्यंतच्या माणसांनी 'ही आमची' म्हणून एकत्र चालल्याशिवाय ना मासा वाचेल, ना मगर, ना महाडची बाजारपेठ.

तुम्हीही कधी जा. दोन दिवस पुरतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात, तर आटलेली नदी आणि भरलेला कोंड यांतला फरक डोळ्यांना दिसेल. कोंडात उतरू नका, प्लॅस्टिकची पिशवी काठावर टाकू नका, मूठभर कुरमुरे पुरेत. २० मार्चच्या सुमारास गेलात, तर चवदार तळ्यावर कुठून कुठून आलेली माणसे भेटतील. म्हाताऱ्या बाया, कडेवरची पोरे, कॉलेजातली मुले. ती खाली वाकतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात आणि मागच्याला वाट करून देतात. त्यांच्या रांगेत उभे राहा. त्या पाण्यासाठी आज तुम्हाला कुणी जात विचारत नाही, याच्यामागे दहा वर्षांचा लढा आहे.